चिठ्ठ्या मी वाटल्या नव्हत्या

माझं वय अठ्ठावीस. अमरावतीची, राजापेठेत वाढलेली. मला दारूचं व्यसन आहे. 'होतं' असं लिहिण्याइतके दिवस अजून गेलेले नाहीत. शेवटचा घोट घेतल्याला सात महिने झाले.

ज्यांच्या घरात कुणी पितं आणि त्याला कुठे न्यावं, खर्च कसा भागवावा हे कळत नाही, त्यांना यातून काही उपयोगाचं मिळावं. आम्ही जिथे जिथे चुकलो ते सगळं लिहिलं आहे. पण मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. माझ्या पिण्याचा सगळ्यात मोठा मार अशा एका बाईला बसला, जिने आयुष्यात दारूला हात लावला नाही. तिचं नाव नंदाताई. तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. पन मले देवी बनवू नको."

पत्रकांचं घर

माझे बाबा वकील. कोर्टात दिवाणी दावे चालवतात आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढतात. फेरीवाल्यांसाठी, वसतिगृहातल्या मुलींसाठी, नळाला न येणाऱ्या पाण्यासाठी. आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा करायची तर आधी गठ्ठे उचलावे लागत. सहाव्या वर्षी मला पत्रकाच्या तीन सारख्या घड्या घालता येत होत्या, आणि दहाव्या वर्षी मी छापखान्यातून आलेल्या प्रुफातल्या चुका काढत होते. वक्तृत्व स्पर्धेत बाकीच्या मुली झाडांवर बोलायच्या, मी महापालिकेवर.

आमच्या पत्रकांत दोषी कायम घराबाहेरचा असायचा. प्रशासन, ठेकेदार, पोलीस, व्यवस्था. बहुतेकदा ते खरंही असायचं, म्हणून तर सवय इतकी पक्की झाली.

प्यायला मी नागपुरात लागले, एका वर्तमानपत्रात नोकरीला होते तेव्हा. पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीने ग्लास भरणं मला समतेचाच भाग वाटायचं. मी तसं मोठ्याने म्हणायचेही. चोविसाव्या वर्षी अमरावतीला परत आले तेव्हा समतेची ती भानगड मागे राहिली आणि ग्लास तेवढा सोबत आला. सकाळी शिकवणी वर्गात आठवी-नववीला भाषा शिकवायचे, दुपारी एका साप्ताहिकासाठी लिहायचे, आणि माझ्या स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत पाणी नसायचं. आमच्याकडे उन्हामुळे स्कुटीवरची प्रत्येक मुलगी तोंडाला स्कार्फ गुंडाळते, फक्त डोळे दिसतात. दारूच्या दुकानासमोर तो न सोडता उभी राहिले की मी कुणाची मुलगी हे कुणाला कळायचं नाही.

आडवी बाटली

राजापेठेपासून जवळच, नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. तिच्या तोंडाशीच देशी दारूचं दुकान. आपल्याकडे नियम असा की वॉर्डातल्या बायकांनी ठरवलं तर त्या मतदान करून असं दुकान बंद पाडू शकतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. पण त्याआधी बायकांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, आणि मग एका ठरलेल्या दिवशी अधिकारी शाळेत येऊन बसतात. सही केलेल्या प्रत्येक बाईने स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून सांगायचं, ही सही माझी. याला पडताळणी म्हणतात. अनेक वस्त्यांचं आंदोलन इथेच मोडतं, कारण त्या दिवशीही बायकांना कामावर जायचं असतं.

आमची समिती होती. बाबा अध्यक्ष, पत्रकं माझी, आणि वस्तीतली सगळी धावपळ नंदाताईची. ती राजापेठेत चार घरी स्वयंपाक करते. तेव्हा ती वस्तीतल्या बचत गटाची अध्यक्ष होती. तिचा दीर त्याच देशी दुकानात पेट्या उतरवायला आहे, तरी पहिली सही तिची.

"दिराशी भांडण नाही होत?" मी एकदा विचारलं होतं.

"रोजच होते. जेवाले मात्र माह्याच घरी येते मेला."

पडताळणीची युक्तीही तिचीच. सगळ्यांना एकदम बोलावलं तर रोजी बुडते म्हणून कुणी येणार नाही. तेव्हा प्रत्येकीला एक चिठ्ठी द्यायची. त्यावर तिचा यादीतला क्रमांक, तिची वेळ, आणि 'ओळखपत्र आणा'. धुणीभांडी करणाऱ्यांना सकाळी आठ, बांधकामावरच्यांना जेवणाच्या सुट्टीत, म्हाताऱ्यांना मधल्या वेळेत. चिठ्ठ्या लिहून आदल्या संध्याकाळी घरोघर वाटायचं काम माझं. ते मी हट्टाने मागून घेतलं होतं.

पडताळणी

चिठ्ठ्या मी लिहिल्या. चांगल्या अक्षरात, क्रमाने लावून, वर रबर. लिहिताना बाटली शेजारी होती. दुपारी वाटलं, अर्धा तास पडावं. उठले तेव्हा दुसऱ्या दिवशीचे नऊ वाजले होते. आईने मी तयारीने दमले असं समजून उठवलं नव्हतं, आणि बाबा सकाळीच शाळेत जाऊन बसले होते.

मी पोचले तेव्हा नंदाताई फाटकात उभी होती.

"ताई, चिठ्ठ्या कुठी हायेत वो? बायका मले विचारून राहिल्या! निम्म्या तं कामावर गेल्या."

"थांब, बघते," मी म्हणाले आणि जिन्याखाली गेले. पिशवीतली स्टीलची बाटली काढली आणि आधी पाच-सहा घोट घेतले. ती फाटकात, मी जिन्याखाली. ही पाच मिनिटं मला अजून रोज आठवतात.

नंदाताई घरोघर, बांधकामांवर, धुण्याच्या ठिकाणी धावत राहिली. ज्या आल्या त्यातल्या कित्येकींकडे ओळखपत्र नव्हतं. त्या परत गेल्या त्या आल्याच नाहीत. पाच वाजता अधिकाऱ्यांनी रजिस्टर मिटलं. अर्जाला लागणारी सह्यांची संख्या भरली नव्हती. अर्ज फेटाळला गेला, आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. तासाभरात दुकानासमोर फटाके वाजले.

एक वाक्य

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी सभा झाली. बाबांनी शांतपणे विचारलं, "चिठ्ठ्यांचं काय झालं?"

मी म्हणाले, "मी दिल्या होत्या."

कुणाला, ते मी बोलले नाही. त्याची गरज पडली नाही. समितीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "म्हणजे नंदाताईकडे?" मी मान खाली घातली. तिचा ज्याने त्याने हवा तो अर्थ घेतला.

"माह्याजवळ?" नंदाताई उभीच राहिली. "मले कोणी काई देल्लं नाई!" ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मला काहीतरी आठवेल आणि मी बोलेन, अशी वाट बघत होती.

कुणीतरी तिच्या दिराचा विषय काढला. मग बाबा आपल्या कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "नंदाताई, कुणावर आरोप नाही. पण चौकशी होईपर्यंत तुम्ही जरा बाजूला राहा."

चौकशी कधी झालीच नाही. आठवड्याभरात वस्तीत सगळीकडे झालं, दुकानवाल्याने नंदाला विकत घेतलं. बचत गटाने तिला अध्यक्षपदावरून काढलं. चारपैकी दोन घरांनी 'सध्या नको' म्हणून स्वयंपाक बंद केला. आणि मी त्याच आठवड्यात 'दारूमाफियांचा विजय' असा खणखणीत लेख लिहिला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. त्यातलं प्रत्येक वाक्य दुकानदाराबद्दल खरं होतं.

सोडली, आणि पडले

पुढचे तीन महिने मी आधीपेक्षा जास्त प्यायले. मग एका सकाळी स्कुटीवरून जाताना वस्तीच्या नळावर नंदाताई दिसली. रांगेत सगळ्यात शेवटी. पुढच्या बाईने आपली कळशी तिच्या कळशीपासून सरकवून ठेवली होती.

मी घरी आले आणि बाटली मोरीत ओतली. मनातल्या मनात ठराव मांडला, मंजूर केला: आजपासून थेंब नाही. तत्त्वाने जगायचं. दोन दिवस अंगाला दरदरून घाम, हातापायाला कंप, बाहेरून कुणी हाक मारतंय असे भास. तिसऱ्या दिवशी दुपारी आईच्या हातात कुकरचं झाकण देता देता मी स्वयंपाकघरात आडवी झाले.

शुद्ध आली तेव्हा सरकारी दवाखाना होता आणि जीभ चावलेली होती. तरुण डॉक्टर बाबांना विचारत होते.

"काका, तुम्ही घेता का?"

"आयुष्यात नाही."

"घरात दुसरं कोण घेतं?"

"कुणी नाही. का?"

"सर, मी घेते," मी म्हणाले. "परवा सोडली."

आई चक्क हसली. "फिट आल्यावर माणूस बरळतं म्हणतात ना, डॉक्टर?"

डॉक्टर हसले नाहीत. "एकदम सोडायला कोणी सांगितलं तुम्हाला? रोज पिणाऱ्याने असं एका दिवसात थांबवलं की फिट येते. जीवही जातो."

हे कृपा करून लक्षात ठेवा. रोज पिणाऱ्या माणसाला शपथ घालून, खोलीत कोंडून घरच्या घरी सोडवायला जाऊ नका. दवाखान्यात, गोळ्यांच्या आधाराने सोडवतात. माझा ठराव मला मारून टाकणार होता.

बाबा बाहेर गेले. वॉर्डच्या दारातून ते मला दिसत होते. भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता होता. तो त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून.

पेशंटले फोन द्या

त्याच दवाखान्यात मानसोपचार विभाग होता. डॉक्टर म्हणाले, पुढचे उपचार इथेच होतील, केसपेपरच्या पैशात. पण बाबांनी त्या दवाखान्याबद्दल इतके माहिती अधिकाराचे अर्ज टाकले आहेत की तिथला प्रत्येक कारकून त्यांना ओळखतो. आई म्हणाली, "इथं नको. उद्या अख्ख्या राजापेठेला कळेल." बाबा, जे एरवी सरकारी दवाखाने वाचवा म्हणून पत्रकं काढतात, ते 'बरं' म्हणाले. मीही. चार दिवसांनी गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. दोन आठवड्यांत मी पुन्हा प्यायला लागले.

ही आमची चूक. तुम्ही आधी तिथेच विचारा. लाज महाग पडते.

मग मी फोन लावायला लागले. व्यसनमुक्ती केंद्रं बरीच आहेत, पण एका ठिकाणचं बोलणं असं झालं:

"हां ताई, बोला. मिस्टर रोज घेतात का?"

"मिस्टर नाहीत. पेशंट मी आहे."

"बरं बरं. मंग पेशंटले फोन द्या ना."

"अहो, मीच पेशंट."

पलीकडे कुणाला तरी विचारणं झालं, हसणं झालं. "नाही म्याडम, बायकांचं नाही होत आमच्याकडं."

असं पाच ठिकाणी. एकाने तर सांगितलं, लग्न करून द्या, सुटते. आम्ही बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढायचे, मतदान करायचं, मार खायचा, पण आजारी पडायची सोय नाही. संताप आला, आणि खरं सांगते, संताप आला की बरं वाटायचं. तेवढा वेळ नंदाताई आठवायची नाही.

शेवटी अकोल्याला, जठारपेठेत, एक लहानसं मानसोपचार रुग्णालय मिळालं. डॉक्टर बाई होत्या, बायकांसाठी एक खोली होती. अठ्ठावीस दिवस. खर्च ऐकून आईने हिशेबाची वही मिटली.

मुलीचे लग्न

विम्याच्या एजंटने सांगितलं, आमच्या पॉलिसीत दारूचं बसत नाही. "वहिनी, पोटाचा विकार म्हणून लिहून आणा, मी बघतो." बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला, "खोटं बिल लावणार नाही," म्हणाले आणि ठेवून दिला.

आई म्हणाली, "तत्त्व तुमचं. पैसे कोण आणणार?"

पैसे तिनेच आणले. ती शाळेत शिक्षिका आहे. भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यायची तर अर्जात कारण लिहावं लागतं. 'आजारपण' लिहिलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावरून जाणार. म्हणून तिने लिहिलं, 'मुलीचे लग्न'.

अर्ज मुख्याध्यापकांकडे गेला आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पेढ्यांची मागणी सुरू झाली.

"मुलगा काय करतो हो?"

"ते... अकोल्याला असतं सगळं."

"स्थळ चांगलं आहे ना? आणि आम्हाला पत्ता नाही! केळवण आमच्याकडे, नाही म्हणायचं नाही."

दोघींनी खरंच केळवण केलं. आई एकटी गेली, पुरणपोळी जेवली, माझ्यासाठी साडी घेऊन आली. अकोल्यात पहिल्या रविवारी तिने मला हे हसत हसत सांगितलं. मग पिशवीतून साडी काढली आणि कॉटच्या लोखंडावर कपाळ टेकून रडली. आयुष्यभर फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणाऱ्या बाईला मी हे करायला लावलं.

जठारपेठ

पहिले पाच-सहा दिवस तुकड्यांतच आठवतात. सलाइन, गोळ्या, ओकारी. पायांवरून काहीतरी चालतंय असं वाटायचं. वॉर्डातल्या मावशी चादर बदलायच्या आणि म्हणायच्या, "काई नाई बाप्पा, सगळ्याईले होते."

नंतर दिवसाला आकार आला. सहाला चहा, रक्तदाब, व्यायाम, गोळ्या मावशींच्या समोर गिळून जीभ दाखवायची, दहाला गटचर्चा, दुपारी झोप, चारला एकेकीशी बोलणं. मोबाइल नाही. खिडकीतून समोरच्या शिवणकामाच्या दुकानातलं मशीन ऐकू यायचं. त्या आवाजाने मला बरं वाटायचं, का ते सांगता येत नाही. भूक परत आली तो दिवस आठवतो. वरणभात होता, आणि मी तिसऱ्यांदा मागून घेतला.

खोलीत माझ्यासोबत पुष्पाकाकू होत्या. मूर्तिजापूरकडच्या, शेतीवाडीचं घर, वय पंचावन्नच्या पुढे. कंबरदुखीवर सुरू झालेल्या गोळ्या वाढत वाढत त्यांच्या दिवसाला पट्टीभर झाल्या होत्या. मी आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, "तुले काहून आनलं?"

"दारू."

"पोट्टी असून?" मग जरा विचार करून, "जाऊ दे. माह्या गोळ्याईले तं वासही नव्हता, म्हनून कोणाले कळलं नाई."

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या पिण्यामुळे ज्याला इजा झाली त्याला पत्र लिहा. पाठवायचं नाही, फक्त लिहायचं. मी एका बैठकीत चार पानं लिहिली. नंदाताईला. पुष्पाकाकू म्हणाल्या, "वाच, आयकू दे." मी वाचलं. दारूचं अर्थकारण आलं, महसुलाची लालसा आली, स्त्रियांच्या श्रमाचं शोषण आलं. माझा आवाजही चांगला लागला होता.

काकू शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. "लय भारी. सभेत बोलल्यावानी. पन मले एक सांग, ह्या बाईचं तुनं काय केलं?"

"ते पुढे येतं."

"चार पानं झाले ना वो. कवा येते?"

मी पानं पुन्हा चाळली. चार पानांत दुकानदार होता, सरकार होतं, समाज होता. मी कुठेच नव्हते.

काकू गादीवर सरकून जवळ आल्या. "मी गोळ्या आनाले घरातले पैसे घेत होती. नाव सुनेवर गेलं. म्या जाऊ देल्लं. दोन वर्स ते पोरगी चोर म्हनून राह्यली घरात. मागच्या रविवारी ते आली तं म्या सांगून टाकलं."

"मग? काय म्हणाली?"

"काई नाई. उठून चालली गेली." काकूंनी उशीखालचा टॉवेल घडी केला. "डबा ठेवून गेली पन."

मी ती चार पानं फाडली. दुसऱ्या कागदावर तीन ओळी लिहायला मला पूर्ण दुपार लागली.

ज्याईले माहीत नाई त्याईले

अठ्ठावीस दिवसांनी घरी आले. तिसऱ्या दिवशी जेवताना आई-बाबांना चिठ्ठ्यांचं सांगितलं. त्या माझ्या कपाटात होत्या हेही.

आई पहिल्यांदा बोलली. "आता कशाला उकरून काढते? तुला जग नाव ठेवेल. यांना ठेवेल. शाळेत मी लग्न मोडलं म्हणून सांगितलंय, अजून काय काय सांगू?" ती चुकीचं बोलत नव्हती. तिने माझ्यासाठी जे झाकलं होतं ते मी तिच्यादेखत उघडायला निघाले होते.

बाबांचा घास हातातच होता. "मी तिला बाजूला केलं," ते म्हणाले. "तिला दोन प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. माझ्या मुलीने सांगितलं म्हणून." उठून हात धुतले आणि खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले. नंदाताई दारात बसून ज्वारी पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दारू, झोप, चिठ्ठ्या, सभेतलं वाक्य. सूप थांबलं नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"मले काय सांगतं हे? मले माहीतच होतं ना वो. कोणी मले चिठ्ठ्या देल्ल्या नाई हे माह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असन?"

अठ्ठावीस दिवस मी या क्षणाची तयारी केली होती आणि अख्ख्या शहरात हे ज्या एकाच माणसाला आधीपासून माहीत होतं, त्याच्यासमोर येऊन मी धाडस दाखवत होते.

"दवाखान्यात होती म्हने तू."

"हो."

"बरी हायेस?"

"सध्या आहे."

"मंग आयक." तिने सूप खाली ठेवलं. आधी ती मला ताई म्हणायची. आता म्हणाली, "रेवती, पाच महिने झाले, ह्या बायका मले पाहून तोंड फिरवतात. माह्या पोरीले शाळेत बोलतात, तुह्या मायनं पैसे खाल्ले. अथी येऊन माह्यासमोर रडशील अन् घरी जाऊन हलकी होशील, तं मले काय भेटलं? ज्याईले माहीत नाई त्याईले सांग. पत्रक काढ. तुले तेच तं येते."

दारोदार

पत्रक अर्ध्या पानाचंच झालं. 'पडताळणीच्या चिठ्ठ्या वाटायचं काम माझं होतं. मी दारू प्यायले होते. दुर्दैवाने चिठ्ठ्या मी वाटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सभेत मी खोटं बोलले. नंदाताईंनी कुणाकडूनही एक पैसा घेतलेला नाही.' खाली माझं पूर्ण नाव.

प्रूफ मी टेबलावर ठेवलं. बाबांनी लाल पेन घेतलं. त्यांनी एकच शब्द खोडला, 'दुर्दैवाने'. मग माझ्या नावाखाली आपल्या अक्षरात लिहिलं, 'खातरजमा न करता नंदाताईंना दूर करणारा अध्यक्ष मी होतो,' आणि सही केली. सकाळी निघताना आईने माझ्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली. झाकण उघडून वास घेतला, मगच ठेवली. ती आजही घेते. मी घेऊ देते.

पत्रकं वाटणं माझ्या हाताला सवयीचं काम. दाराच्या फटीत सरकवायचं, पुढे जायचं. पण पहिल्याच दारात म्हातारी म्हणाली, "मले वाचता येत नाई बाई. वाचून दाखव." मग दुसऱ्या दारातही. तिसऱ्या दारातलीला वाचता येत होतं, तरी ती म्हणाली, "तूच वाच." एप्रिलचं ऊन, आणि प्रत्येक दारात उभं राहून मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं, मी दारू प्यायले होते.

एक हसली. एकीने सासूला हाक मारली, "अवो, या ना, हे वकिलाची पोरगी पेत होती म्हन्ते!" एकीने माझं अर्धं झाल्यावर दार लावून घेतलं. एक बाई सगळं ऐकून हळूच म्हणाली, "माह्या मालकाले नेतात का तथी? पैसे नाई पन." मी पत्रकाच्या मागे सरकारी दवाखान्यातल्या विभागाचा वार आणि वेळ लिहून दिली. त्यानंतर प्रत्येक पत्रकामागे लिहीत गेले.

नंदाताईचं घर गल्लीच्या शेवटी. तिथे पोचेपर्यंत माझा घसा बसला होता. ती दारात उभी होती, शेजारच्या घरांच्या दारांतही बायका येऊन थांबल्या होत्या. मी पत्रक तिच्या हातात द्यायला गेले. तिने घेतलं नाही.

"वाच."

मी वाचलं.

नंदाताईने माझ्या मागे गल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मागच्या घरी आयकू गेलं नाई."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.